पूल सुरू आहे

१४ जानेवारी

ढब्बूसाहेब,

मी फोन केला की तू मीटिंगमध्ये, तू केलास की इकडे रेंज नाही. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र वाचताना निदान तू 'हं, हं' करत दुसरीकडे बघत नसशील.

काल तुझ्या ऑफिसची एक मुलगी येऊन गेली. हातात टॅब्लेट, पायात नवे बूट, आणि उन्हाने लाल झालेली. आधी पाणी दिलं, मग चहा. म्हणाली, सरकारच्या विकासकामांचं मूल्यमापन चाललंय, पंधरा मिनिटं द्या. म्हटलं, आमच्याकडे वेळच वेळ आहे, तुमच्याकडेच नसतो.

रस्ता विचारला, दिवे विचारले, मग पुलावर आली. "पूल सुरू आहे का?" मला हसूच फुटलं रे. म्हटलं, सुरू आहे बाई! माझं लग्न होऊन इथे आले त्या वर्षी सुरू झाला, माझे केस पांढरे झाले तरी सुरूच आहे. ती काही हसली नाही. म्हणाली, "काकू, दोनच पर्याय आहेत. सुरू की बंद?" आता बंद कसं म्हणू? कालच दोन गडी सिमेंटच्या पोत्यांवर बसून विड्या ओढताना पाहिले मी. काम बंद म्हटलं तर त्यांच्या पोटावर पाय. म्हटलं, लिही, सुरू. तिने बोट लावलं, मग नदीवर जाऊन पुलाचा फोटो काढला आणि गेली. पूल आमच्या काठावरून अर्ध्या नदीपर्यंत जातो आणि तिथेच संपतो हे तिला दिसलं असेलच, डोळे तर चांगले टपोरे होते.

बाकी यांचं नेहमीसारखं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या सरकारी होडीने पलीकडे जातो, हॉस्पिटलात चार तास डायलिसिस, की दुपारच्या होडीने घरी. होडीवाला आता यांना ओळखतो, हात धरून उतरवतो. आल्यावर हे तासभर झोपतात आणि मग आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसतात. पंक्चर काढायला वाकता येत नाही, पण हाताखालच्या पोराने काढलेल्या पंक्चरमध्ये चुका काढता येतात. बरे आहेत.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ताई,

लांबूनच पाया पडतो. पत्र वाचून हसता हसता ठसका लागला, शेजारच्या टेबलवाल्याने पाणी आणून दिलं. पण अगं, ती बिचारी मुलगी रोज पंचवीस घरं फिरते. तिच्याशी विनोद करू नयेत. विनोदाला त्या टॅब्लेटमध्ये जागा नाही.

तुला वाटतं आम्ही खुर्च्या गरम करतो. तसं नाही. आधी काय व्हायचं, बांधकाम खातंच स्वतःच्या कामाला शंभरपैकी शंभर द्यायचं. आमच्या संचालकबाईंनी ते मोडून काढलं. म्हणाल्या, खात्याचे कागद बघायचेच नाहीत, थेट लोकांना विचारायचं. केवढी भांडली ती बाई त्यासाठी! आता मंत्र्यांपासून सगळे आमच्या अहवालाला टरकून असतात. कुठे पैसे द्यायचे, काय बंद करायचं, सगळं त्यावर ठरतं. मला या कामाचा अभिमान आहे, तू हसलीस तरी.

तुझ्या त्या उत्तराचं मनाला लावून घेऊ नकोस. हजारो घरांतलं एक घर, सरासरीत विरघळून जाईल.

दाजी बरे आहेत ना?

तुझा ढब्बू

१९ मार्च

ढब्बू,

विरघळलं का रे उत्तर? नीट ढवळलंस ना?

परवा धक्क्यावर गेलो तर होडी नाही. भिंतीवर कागद चिकटवलाय. 'मूल्यमापन अहवालानुसार पूल सुरू झालेला असल्याने होडी सेवेची आवश्यकता उरलेली नाही. सबब सेवा खंडित करण्यात येत आहे.' मी तीनदा वाचला. मागे वळून पुलाकडे पाहिलं, म्हटलं रातोरात जोडला की काय! तो आपला तिथेच, पुढे हवा. टोकावर बगळे बसलेत.

होडीवाला त्या कागदाखाली उकिडवा बसला होता. त्याची बदली झाली म्हणे, गोदामात. मला म्हणाला, "ताई, लोकांनीच सांगितलं म्हणतात पूल सुरू आहे. कोण असतील हो असले लोक?" मी खाली मान घातली.

मासेमारे आजारी माणसाला घेऊन आठवड्यातून दोनदा खेपा करायला तयार नाहीत. आता पलीकडे जायला वरच्या धरणावरून जीपने वळसा. अर्धा दिवस जायला, अर्धा यायला, रस्ता म्हणजे नुसते खड्डे. यांना त्या जीपमध्ये बसवलं तेव्हा मला तुझ्या मोठ्या बाईंचे आणि तुझे कान उपटावेसे वाटले. अरे, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसा कारभार! कोणी एकाने, एका माणसाने, त्या नदीवर येऊन मान वर करून बघायचं होतं.

तू तिथे आहेस म्हणून मी अजून कलेक्टरकडे गेले नाही. होडी परत सुरू कर. बाकी मला तुझा अभिमान-बिभिमान काही सांगू नकोस.

हे बरे आहेत.

ताई

२ एप्रिल

ताई,

रागाव, तुझा हक्क आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी सगळं काम बाजूला ठेवून तुमच्या गावाची माहिती उघडली. मला वाटलं होतं तू एकटीच तसं बोलली असशील. ताई, अख्ख्या गावाने 'सुरू' सांगितलंय! किराणावाला सुरू, मास्तर सुरू, होडीवाला स्वतः सुरू! आम्हाला विचारायचं होतं, पूल वापरात आहे का. लोकांना वाटलं, काम चाललंय का विचारताहेत. एक शब्द गं, एक शब्द! आणि फोटो काढलाय तो बरोबर पुलाच्या तोंडाशी उभं राहून. दोन्ही बाजूंना रंगवलेले कठडे, पुढे सरळ रस्ता. त्या फोटोवर मीसुद्धा गाडी घातली असती.

लगेच संचालकबाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, तुझ्यासाठी हळहळल्या सुद्धा. मग म्हणाल्या, शब्द बदलता येणार नाही. शब्द बदलला तर मागच्या फेरीशी तुलना कशी करणार? मी म्हटलं, पण मागची फेरीही चुकलेलीच होती. तर म्हणाल्या, म्हणजे दोन्ही सारख्याच चुकल्या, तुलना तरी होते.

एक वाट आहे. नियमात आहे की उत्तर देणाऱ्याने स्वतः लेखी दिलं, 'मी दिलेली माहिती खोटी होती', तर ते उत्तर पुन्हा तपासतात. तेवढं लिहून पाठव. दोन ओळी. पुढचं मी बघतो.

दाजी बरे आहेत ना? जीपचा त्रास होत नाही ना?

ढब्बू

१५ एप्रिल

ढब्बू,

मी खोटं बोलले? मी? तुझ्या बाईंना सांग, पूल सुरू आहे हे मी देवाशपथ सांगितलं आणि आजही सांगते. कालच पोतं फोडलंय त्यांनी. खोटा तुमचा प्रश्न, आणि माफीनामा माझा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

गावात सगळ्यांना विचारलं, आपण सगळे मिळून लिहून देऊ. किराणावाला म्हणाला, "खोटी माहिती दिली असं सरकारला सहीनिशी लिहून देऊ? उद्या रेशन बंद केलं म्हणजे?" मास्तरांना पेन्शनची काळजी. होडीवाल्याची नोकरी आत्ता कुठे गोदामात टिकलीय. कोणी पुढे येईना. मी त्यांच्यावर चिडले खरी, पण घरी येऊन विचार केला, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना नदीपलीकडे आठवड्यातून दोनदा जायचं नसतं.

दोन दिवस कागद समोर घेऊन बसले. हे खाटेवरून म्हणाले, "लिही गं, खोटारडी म्हटलं तर अंगाला भोकं पडत नाहीत. मला विचार भोकं कशी पडतात." आणि सुया टोचलेला दंड दाखवला. म्हणून लिहिलंय. सोबत जोडलंय. 'मी पुलाविषयी दिलेली माहिती खोटी होती.' तू मला ओळखतोस. आयुष्यभराच्या शिवणकामात गिऱ्हाइकाचं एक इंच कापड मारलं नाही मी, आणि हे लिहून दिलं.

जीपचा त्रास म्हणशील तर होतो थोडा. बरे आहेत.

ताई

११ मे

ताई,

कसं सांगू कळत नाही, पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझा कागद मी स्वतः पुढे पाठवला. छाननी समितीने पाहिला. त्यांनी नियम लावला की जो स्वतःच म्हणतो मी खोटी माहिती दिली, तो उत्तरदाता भरवशाचा नाही, त्याची सगळीच उत्तरं रद्द. तुझं घर यादीतून काढलं. बाकी घरं तशीच राहिली, आणि आता त्यात शंका घेणारं कोणीच उरलं नाही. अहवालात तुमच्या गावापुढे शेरा आलाय, 'माहितीची विश्वासार्हता वाढली.'

मी त्या खोलीत उभा राहून अक्षरशः ओरडलो, ताई. 'अहो, ती माझी बहीण आहे, तिच्या नवऱ्याचे त्या नदीपायी हाल चाललेत!' असं नाही म्हटलं. म्हणायचं होतं. म्हटलं एवढंच, की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावं. तर म्हणाले, प्रवासखर्चाची तरतूद या वर्षी संपली.

पण अगदीच हात हलवत परत आलो नाही. भांडून भांडून प्रश्नातला शब्द बदलून घेतला. जूनमध्ये पुन्हा फेरी आहे. त्यात 'सुरू' हा शब्द नाही. आता विचारणार, 'पूल चालू आहे का?'

दाजी बरे आहेत ना?

ढब्बू

२४ मे

ढब्बू,

चालू! अरे, चालू तर तुमचं सगळं ऑफिसच आहे.

तुला कळतंय का तू काय लिहिलंस? उद्या ती मुलगी येऊन विचारेल, पूल चालू आहे का, आणि सगळं गाव सांगेल, चालू आहे बाई, चालू आहे. महिनाभर भांडून हे आणलंस? आणि माझ्याकडून तो कागद लिहून घेतलास, ते म्हणजे हात दाखवून अवलक्षण. विचार ना सरळ, 'पुलावरून चालत पलीकडे जाता येतं का?' माझ्या शिलाईच्या दुकानात बाई आली की मी 'ब्लाउज ठीक आहे का' विचारत नाही. हात वर करायला लावते. फाटायचा तो तिथेच फाटतो.

असो. मी तुमची फेरी पाहायला नसेन. आम्ही पलीकडे राहायला आलोय, हॉस्पिटलमागच्या गल्लीत. छापखान्यावर एक खोली मिळाली, दिवसभर खालून खडखड. गावातलं घर बंद केलं. शिलाई मशीन आणलं, गिऱ्हाइकं आणता आली नाहीत. यांचं दुकान पंक्चरवाल्या पोराला देऊन टाकलं, किल्ली देताना हे त्याला हवेचा पंप कसा धरायचा ते सांगत बसले, जसं काही त्याला माहीतच नाही. आता खाटेवरून उठून खिडकीशी जातात. तिथून नदी दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

पत्ता वर लिहिलाय. हे बरे आहेत.

ताई

७ जुलै

ताई,

आज मी माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं धाडस केलं. बसून ऐक.

नव्या फेरीची माहिती आली. तू म्हणालीस तसंच झालं, सगळीकडे 'चालू'. पण खरी गंमत पुढे. तुमच्या घराला कुलूप होतं, तर मुलीने शेजारी विचारून लिहिलं, 'कुटुंब नदीपलीकडे शहरात स्थलांतरित.' आणि ते कुठल्या रकान्यात पडलं माहीत आहे? 'पुलामुळे वाढलेल्या संधी.' अहवालात चक्क चौकट टाकली आहे. पूल झाल्यामुळे कुटुंबं आता आरोग्यसेवेच्या जवळ राहू लागली आहेत! ताई, ती चौकट म्हणजे तू आणि दाजी.

अंतिम अहवालाखाली माझी सही लागते. मी केली नाही. उलट लाल शाईने शेरा मारला. 'हे कुटुंब पुलामुळे गेलेलं नाही, पूल नसल्यामुळे गेलं आहे. मला माहीत आहे, कारण ती माझी सख्खी बहीण आहे.' सगळं ऑफिस टेबलाभोवती गोळा झालं. संचालकबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, तुझं दुःख समजते मी, पण सख्ख्या बहिणीचं मूल्यमापन तू करत होतास, हे आधी सांगायला हवं होतंस, हा हितसंबंध झाला. फाईल काढून घेतली. मला ग्रंथालयात बसवलंय. अहवालावर दुसऱ्याने सही केली.

पण निदान तो शेरा कागदावर आहे. कोणीतरी कधीतरी वाचेल. मला आतून एकदम हलकं वाटतंय. तुला माझा थोडा तरी अभिमान वाटला का?

दाजी बरे आहेत ना?

तुझा ढब्बू

१५ जुलै

ढब्बू,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं नाही.

शेरा मारलास, बरं केलंस. एरवी बापासमोर तोंड न उघडणारा पोरगा तू, तुझ्यासाठी ते मोठंच. ग्रंथालयात बसवलं त्याचं वाईट वाटलं. पण आता मी लिहिते ते सावकाश वाच, आणि मध्ये हसू नकोस.

दर पत्राच्या शेवटी तू विचारतोस, 'दाजी बरे आहेत ना?' अरे, 'ना' लावून विचारल्यावर माणूस दुसरं काय सांगणार? मी लिहीत गेले, बरे आहेत. तू वाचलंस आणि पुढे गेलास. बरे म्हणजे काय, हे एकदाही विचारलं नाहीस. कधी बरे म्हणजे आज उलटी झाली नाही, कधी बरे म्हणजे नुसते जिवंत आहेत. होडी गेल्यावर जीपच्या त्या खेपांत किती वेळा डायलिसिस चुकलं. एकदा जीप मध्येच बंद पडली, पाय सुजून चपलेत मावेनात, श्वास लागला. मी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. डॉक्टर म्हणाले, हृदयाला जे व्हायचं ते होऊन गेलं, आता जवळ राहायला आलात तरी ते भरून येणार नाही. हे सगळं तुला लिहिलं नाही, कारण तू तिथे आमच्यासाठी भांडत होतास, तुझं मन कशाला मोडा. चुकलंच माझं. पण तुझ्या ऑफिसात आणि तुझ्यात मला आता फरक दिसत नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तूही आम्हाला तिथूनच विचारत राहिलास.

आता ऐक. गेल्या मंगळवारी सुई लावायची वेळ आली तेव्हा यांनी हात मागे घेतला. नर्सबाईला म्हणाले, नको. मला म्हणाले, "घरी ने मला." मी म्हटलं, घरी गेलात तर शुक्रवारी परत येणार कसे? म्हणाले, "परत यायचंच नाही गं." किती शांतपणे म्हणाले! मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी मीच हात धरून नेलं तेव्हा सुई लावून घेतली, माझ्याकडे न बघता. डॉक्टर म्हणतात, निर्णय घरच्यांनी घ्यावा. घरचे म्हणजे कोण रे? मी एकटीच आहे. त्यांचं ऐकलं तर मी त्यांना माझ्या हाताने नदी ओलांडून नेणार, पैसे देऊन, एखाद्या मासेमाऱ्याच्या होडीतून. नाही ऐकलं तर आठवड्यातून दोनदा त्यांना धरून खुर्चीत बसवणार. दोन्हींतलं काहीही केलं तरी रात्री मला त्याच खोलीत झोपायचंय.

फोन करू नकोस, फोटो मागू नकोस. ये. दीड वर्ष झालं, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. हॉस्पिटलात खुर्चीशेजारी एक स्टूल असतं, त्यावर चार तास बस. काही विचारू नकोस, नुसतं बघ. आणि मग बाहेर येऊन मला सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस. ते खरं सांग, मग मी तुला बाकी सगळं माफ केलं.

येत्या शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणालेत. त्यापुढचं मला माहीत नाही.

ताई